उजव्या अंगानं चढणारा हिरो

मु. पुसेगाव,
माघ वद्य ५, सन १९३८

नदीत पडलेला माणूस मुंडाशापासून जोड्यापर्यंत कोरडा कसा निघतो, ते मला अदुगर सांग. मी सारा जलम पूर्णेतून मेंढरं पार केली. बुडता बुडता काढलेलं कोकरू दिवस कलंपर्यंत निथळत ऱ्हातं. अन तुमचा हिरो पाण्यातून निघाला तर मिशीचा पीळ सुद्दा ढिला न्हाई! लोकांना काय येडं समजून राहिले तुमी?

चि. मुंजाजीस चांगुणा आजीचा आशीर्वाद. इकडं सगळे जित्ते हायेत. एक मेंढी पोटफुगीनं गेली.

बाजाराच्या दिवशी लोकर घेऊन हिंगोलीला गेले होते. तिथं टिनाच्या शेडात दुपारी बी सिनेमा दावतात. दारावरचा रूपसिंग म्हणला, तुझ्या नातवाच्या कंपनीचा मारामारीचा खेळ लागलाय, घोडेच घोडे हायेत. म्हणलं, आपली घोडी हरणी दिसंल. तिला घेऊन तू मुंबईला गेलास त्याला दोन वर्सं झाली. जाताना मला शब्द दिला होतास, कंपनीच्या घोड्यांचं चारापाणी बघीन, उड्या मारायच्या कामाला हात लावणार न्हाई. म्हणून गेले. हरणी दिसली. पोटाला बरी हाय. बाकीचं बघून डोकं उठलं.

हिरो गावातून पळाला तवा वाटेवरची मेंढरं कातरलेली. त्यानं मागं वळून बघितलं तवा त्याच मेंढरांवर चार बोटं लोकर. चाळीस वर्सं कातरून राहिले, असली जात मला मिळाली तर मी बी टिनाचं शेड बांधीन. सूर्य उगवताना निघालो म्हणतो अन सावली पायाखाली. दहा कोस दौडला, त्या दहा कोसांत एकच वाकडी बाभळ तीनदा लागली. दुश्मनानं उजव्या दंडावर तलवार मारली, बायकोनं रडत रडत डाव्याला पट्टी बांधली. राजवाड्यात हिरो हरणीवर डाव्या अंगानं चढला, फाटकाबाहेर उजव्या अंगानं.

बाभळीपाशी मी बोलले तर रूपसिंग मागून म्हणतो, "अम्मा, चुप बैठो, लोगां को देखने दो." मी म्हणलं, "बाबा, मी बी बघूनच राहिले. तीच तर तकलीफ हाय."

एकेका चुकीचं उत्तर दे. अन सटवाजी विचारून राहिला. त्याची पंचफुली रांडवून बापाघरी आली त्याला चार वर्सं झाली. तुझ्यासंगं तिचा पाट लावायचा ठरला, पण कधी? मी त्याला कवर थोपवू? पंचफुली लोकर पिंजत बसते.

— चांगुणाबाई


मुंबई,
ता. १० मार्च १९३८

ती. आजीस मुंजाजीचा दंडवत.

तुझं पत्र पुनमचंदशेठना वाचून दाखवलं. आमच्या कंपनीची चित्रं तेच काढतात. हसून हसून त्यांची टोपी पडली. म्हणाले, "मुंजाजी, या म्हातारीला बोलावून घे, पगार देऊ." कॅमेरावाला मात्र रागावला. शेठनी तुझं पत्र ठेवून घेतलं आहे.

आता ऐक. चित्र जसं दिसतं तसं ओळीनं काढत नाहीत. एका जागी गेलं की तिथले सगळे तुकडे एकदम उरकायचे, मग दुसऱ्या जागी. शेवट आधी निघतो, सुरुवात मागून. नंतर एक माणूस कात्रीनं तुकडे कापून जोडतो. हिरो नदीत पडला तो कार्तिकात आणि काठावर निघाला तो पौषात, दुसऱ्या कपड्यांत. मेंढरं घाटावरच्या एका धनगराची होती. आम्ही परत जाईपर्यंत त्यानं कातरली, त्याला काय सांगणार? सावलीचं म्हणशील तर सकाळी हिरो उठतच नाही. त्या माळावर बाभळ एकच आहे, तिच्यापुढूनच तीनदा दौडवलं. पट्टीची चूक बायकोचं काम करणाऱ्या बाईची. तिला कुणी बोलू शकत नाही.

सगळ्या चुकांचं उत्तर झालं. हरणी मजेत आहे, रोज हरभरे खाते. मी पण मजेत. सटवाजीमामांना सांग, वैशाखातली ही आखाजी जाऊ द्या, पुढच्या आखाजीला येतो.

— मुंजाजी


मु. पुसेगाव,
चैत्र शुद्ध ९, सन १९३८

सगळ्या चुकांचं उत्तर झालं म्हणतोस. मी काय मोजायला विसरले? एका चुकीला तू हात लावला न्हाईस. डावं अंग अन उजवं अंग.

सारं जग घोड्यावर डाव्या अंगानं चढतं. पोलीस तसाच, पाटील तसाच, नवरदेव सुद्दा तसाच. उजव्या अंगानं चढणारे आमीच. कारण तळ हलवताना घोडीच्या डाव्या बाजूला कोकरांची जाळी लटकती असते, तिकडून टांग टाकली तर कोकरं तुडवली जातात. तू चालायला लागलास तवापासून उजवीकडून चढतोस. फाटकाबाहेर चढला तो हिरो नव्हता. त्याचं तोंड दावलं न्हाई, नुसती पाठ दावली. ती पाठ मी खरारा घासून धुतलेली हाय, मला वळखू येणार न्हाई?

आशीर्वाद.

घोड्यावर बसायला मी ना म्हणत न्हाई. मेंढरामागं बसतोसच. पण त्या चित्रात ती पाठ खंदक वलांडून गेली, पेटत्या गंजीतून गेली, अन कड्यावरून खाली आली. मला वाटलं होतं, मुंबईकडं असल्या कामाला येगळी माणसं असतील, त्यांना आजी नसंल. ते तूच निघालास.

व्हय का न्हाई, तेवढंच लिही. हरभऱ्याचं नको.

— चांगुणाबाई


मुंबई,
ता. ३० एप्रिल १९३८

ती. आजीस दंडवत.

होय.

आमच्या हिरोला घोड्याचा घाम सहन होत नाही. हरणी दौडायला लागली की तो डोळे मिटतो. एक दिवस शेठ वैतागून म्हणाले, कुणी आहे का रे? मी चढलो. तेव्हापासून तोंड त्याचं, पाठ माझी. खंदकाच्या उडीला लोक शिट्ट्या मारतात ना आजी, त्या मला मारतात. त्याला ते माहीत आहे, म्हणून माझ्याशी बोलत नाही.

कुणी आतापर्यंत ओळखलं नव्हतं. आता शेठनी तुझं पत्र घेऊन ते चित्र पुन्हा पाहिलं. म्हणाले, म्हातारीनं बरोबर पकडलं, असं परत दिसायला नको. पुढच्या चित्रात मला हिरोसारखं डाव्या अंगानं चढायचं आहे. रोज सवय करतो आहे. पाय आधी उजवीकडेच वळतो, जाईल हळूहळू.

सटवाजीमामांना आणि पंचफुलाला यातलं सांगू नको. चारापाणी बघतो एवढंच सांग. एवढं कर.

— मुंजाजी


मुंबई,
ता. १२ मार्च १९३९

ती. आजीस दंडवत. बरेच महिने पत्र नाही, रागावू नको. काम फार आहे. रोज स्वारी असते. नवं मोठं चित्र चाललं आहे, दिवाळीनंतर तुमच्याकडे येईल. त्यामुळे या आखाजीला येणं होत नाही. सटवाजीमामांना पुढच्या वर्षाचं सांग. हरणी छान. मी ठणठणीत. आत्ताच उतरलो घोड्यावरून, उभ्या उभ्याच लिहितो आहे.

— मुंजाजी


मु. पुसेगाव,
मार्गशीर्ष शुद्ध ६, सन १९३९

तीन बाजार झाले, तीनदा तेच चित्र बघितलं. गुडघे गेले माझे त्या बाकड्यावर. रूपसिंग म्हणतो, "अम्मा को बहुत पसंद आया." पसंत कसलं आलंय. मी शोधून राहिले होते.

आशीर्वाद. लढाई सुरू झाली म्हणतात, लोकरीला भाव चढंल म्हणतात. चढू दे. आता मला त्याचं काई वाटंना.

चित्र उलटंसुलटं काढतात, अन कात्रीनं जोडतात, हे तूच शिकवलंस. मग मी ती जोडणी उसवली. दोन तळांची मेंढरं मिसळली तर आमी लोकर बघून निवडतो, कुणाची कातरून किती दिवस झाले ते. तसे तुमचे तुकडे हरणीच्या केसांवरून निवडले. थंडीत तिला पोटाखाली लांब केस येतात, उन्हात झालरीवानी दिसतात. होळीला गळायला लागतात, पाडव्याला अंग चकचकीत. चित्रात रंग न्हाई, पण केस दिसतात.

झालर हाय तिथं सगळीकडं स्वार तू. डाव्या अंगानंच चढतोस, पण अदुगर पाऊल उजवीकडं पडतं, मग ध्यान आल्यावानी वळतं. जिथं अंग चकचकीत, तिथं दुसराच कुणी. तो सरळ डावीकडून चढतो, पाऊल चुकत न्हाई, अन लगाम ओढून हरणीचं तोंड फाडतो. म्हणजे होळीपासून तू तिच्यावर न्हाईस. अन होळीच्याच टायमाला मला लिहितोस, रोज स्वारी असते.

आता दुसरी गोष्ट. दरबाराचा देखावा हाय. मागल्या बाजूला पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसलेली. राजा आला, भालदार वरडला, सगळे ताडकन उठले. एक बसून ऱ्हायला. मुंडासं पार डोळ्यावर ओढलेलं. राजा पुढून गेला तरी बसून. शेडातली सारी माणसं हसली. म्हणली, बघा, चूक, एकाला उठायचं सांगायचंच विसरले.

तो तू हायेस.

उठता येत न्हाई ना तुला?

पंचफुलीला मी तिन्ही येळा संगं नेली होती, लोकरीचं गाठोडं उचलायला. तिला काय सांगायचं, सटवाजीला काय सांगायचं, ते मला ठाऊक न्हाई. आखाजी पाच महिन्यावर आली. माणूस धड हाय म्हणून पाट ठरवला. आता खरं लिही. खोटं लिहायचं असंल तर कागद बिघडवू नको.

— चांगुणाबाई


मुंबई,
ता. २ जानेवारी १९४०

ती. आजीस दंडवत.

तुझं पत्र आठ दिवस उशाखाली ठेवलं. आता लिहितो.

मागच्या फेब्रुवारीत पडलो. खंदक नव्हता, आग नव्हती. साधं चढणं होतं. हरणी दौडत येणार, मी तिच्याबरोबर पळायचं आणि पळता पळता वर चढायचं, डाव्या अंगानं. आपल्या बाजूनं मी ते डोळे मिटून केलं असतं. पाय आयत्या वेळी उजवीकडे वळला, तो सावरायला गेलो आणि तिच्या पुढ्यात आडवा झालो. तिनं फार जपलं गं. तिची काही चूक नाही. पण मागचा एक पाय पडलाच. डावा खुबा मोडला. दवाखान्यात तीन महिने होतो. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठीनं चालतो. खाली बसलो की उठवायला दोन माणसं लागतात. घोड्यावर टांग जात नाही, कुठल्याच अंगानं.

कंपनीनं काढलं नाही. गर्दीत बसवतात. त्या दिवशी भालदार ओरडला, सगळे उठले, माझी दोन माणसंही उठली, मला कोण उठवणार? मी शेठना म्हणालो, तो तुकडा परत काढा, मी बसलेला दिसतो. ते म्हणाले, इतक्या गर्दीत कोण बघतंय.

तुला लिहिलं नाही, कारण तू काय वाचशील ते मला माहीत होतं. डाव्या अंगाचं तू मनाला लावून घेऊ नको. शेठना कधीतरी दिसलंच असतं.

मेंढरामागं चालणं आता माझ्यानं होत नाही. दिवसाला चार कोस कोण घेऊन जाईल मला? सटवाजीमामांना सांग, शब्द परत घेतला. पंचफुलाला मोकळं करा. तिला चांगलं स्थळ बघा. मी इथंच राहतो. हरणीला कुणाबरोबर तरी पाठवून देतो.

— मुंजाजी


मु. पुसेगाव,
पौष वद्य २, सन १९४०

मनाला लावून घेऊ नको म्हणतोस. लावून घ्यायचं का न्हाई ते मी बघीन. चूक मी काढली. बराबर काढली. ती पत्रात लिहून मुंबईला मीच धाडली, अन तुझा खुबा गेला. जी चूक तुझ्यासाठी झाकायची होती, तीच मी शेठला दावली असं समज. ह्याच्यावर रडून माझ्यानं मेंढरं दोहवणार न्हाईत. ते तसंच ऱ्हाईल, मी मरंपर्यंत. आता पुढचं ऐक.

मागल्या पत्रात मी लबाडी केली. बसलेला माणूस मी न्हाई वळखला.

पहिल्या बाजारी राजा आला, सगळे उठले, एक बसून. शेड हसलं, संगं मी बी हसले. हसले काय, वरडले, "ऊठ की मुडद्या, राजा आला!" माणसं आणखी हसली. मला बरं वाटलं. पंचफुलीनं माझं मनगट धरलं. म्हणली, "आजी, गप बसा. ते मुंजाजी हायेत."

मी म्हणलं, "कशावरून? तोंड तर झाकलंय."

ती म्हणली, "मुंडाशाचं टोक दातात धरलंय. लाजले की तसंच करतात."

मी तुला वाढवला अन मला हे ठाऊक न्हाई. तिनं तुला सारं मिळून सात-आठ येळा बघितला असंल. त्याच्या पुढल्या दोन्ही बाजारी हरणीचे केस मी बघत होते, पण ती दरबारच बघायला येत होती. बापाला एका शब्दानं बोलली न्हाई. घरी येऊन लोकर पिंजत बसली.

तुझं पत्र तिला सगळं वाचून दावलं. मला अडखळायला होतं, पण एक ओळ सोडली न्हाई. खुब्याचं ऐकलं, दवाखान्याचं ऐकलं, मान हालवत होती. "पंचफुलाला मोकळं करा" इथं आले तर म्हणली, "ते परत वाचा."

परत वाचलं.

"मला बांधली कुणी होती? मेंढी हाय का मी?"

मी म्हणलं, "त्यानं तुझ्या भल्याचं लिहिलं."

"भल्याचं तुमाला लिहिलं, बापाला सांगायला लिहिलं. ह्यात मी कुठं हाय?"  अन मग तिनं पहिल्या नवऱ्याचं सांगितलं. मला बी ठाऊक नव्हतं. त्याला पटकी लागली तर सकाळपासून म्हणत ऱ्हायला, मला काई झालं न्हाई, तू शेतात जा. ती गेली. परत आली तर माणूस थंड. "आजी," म्हणली, "एक नवरा मला काई न्हाई झालं म्हणत गेला. आता दुसरा बी तेच म्हणून राहिला. पायाचं काय करायचं ते बघता येतं. ह्याचं काय करायचं?"

 तुझ्याकडून बोलायला गेले असते तर बोलता आलं असतं. पण तुझ्याकडून बोलायला मी थकले, मुंजाजी. दोन वर्सं सटवाजीपुढं तेच केलं. चारापाणी बघतो, ठणठणीत हाय, पुढल्या आखाजीला येतो. तुझ्या खोट्यावर माझं खोटं रचलं.

म्हणून सटवाजीला बी मीच जाऊन सांगितलं. भाकर ताटात टाकून उठला. तीन दिवस माझ्या दारावरून गेला तरी इकडं बघितलं न्हाई. चवथ्या दिवशी आला, उभाच ऱ्हायला. म्हणला, "लंगड्याला लेक द्यायची म्हणून मी तिला घरात ठिवली होती का? पण ती दुसरीकडं बघू देईना. आखाजीपर्यंत थांबतो. आखाजीच्या सांजंला तिचं जिथं ठरवीन तिथं ती जाईल." अन गेला. तो बोलला तसं करतो. तेवढे दिवस हायेत तुला.

मेंढरामागं चालता येत न्हाई, हे मला कळतं. न चालता मेंढरात काय काम हाय, ते मी आज सांगू शकत न्हाई. असंल, नसंल. ये, सगळं बरं होईल, असं मी लिहिणार न्हाई. मला ठाऊक न्हाई ते मी लिहीत न्हाई. इथं आलास तरी बी तू लंगडाच ऱ्हाशील, अन लोक तोंडावर बोलतील. मुंबईत निदान कुणी बघत न्हाई म्हणतोस. बघणारी इथं बसलीये, ते तुला आता कळलं.

पंचफुलीनं दोन गोष्टी इचारल्यात. तिच्याच बोलीनं लिहिते. एक, यायचं हाय का न्हाई. माझ्यासाठी न्हाई, तुमाला यायचं हाय का. दुसरी, उद्या ताप आला, पाय सडला, कंपनीनं हाकललं, तर मला सांगाल का, का ते बी मी शेडात जाऊन बघायचं.

ह्याला व्हय का न्हाई, एवढंच लागतं. वळवून लिहू नको, हरणीला मधी आणू नको, अन तिचं भलं कशात हाय ते तिला शिकवू नको.

तिला वाचता येत न्हाई, म्हणून वाचून मीच दाखवीन. पण पत्रावर नाव तिचं घाल. माझ्या नावानं आलं तर मी फोडणार न्हाई, सटवाजीच्या नावानं आलं तर तो चुलीत घालंल. पुनमचंदाकडून लिहवून घेऊ नको. बसून लिही, पण तुझ्या हातानं लिही. उत्तर तू द्यायचं, अन पंचफुलीला द्यायचं. मला न्हाई.

— चांगुणाबाई